वाचकांचे प्रश्न : संसदीय समित्यांचे रोजचे काम

गेल्या अंकात संसदेच्या कामकाजाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समित्यांविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : टीव्हीवर लोकसभेचे कामकाज पाहताना कित्येकदा बाके रिकामी दिसतात. आमच्या खासदारांना एका कार्यक्रमात याविषयी विचारले, तेव्हा ‘मी समितीच्या बैठकीत होतो’ असे उत्तर मिळाले. हे खरे असू शकते का? आणि या समित्यांमध्ये नेमके चालते तरी काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : खरे असू शकते. सभागृह चालू असतानाही समितीला बैठक घेता येते. मात्र सभागृहात मतविभाजन पुकारले गेले, तर समितीच्या अध्यक्षांनी बैठक थांबवून सदस्यांना मतदानाला जाऊ द्यायचे, असा नियम आहे. तरीही समित्यांचे बरेचसे काम अधिवेशन नसते तेव्हा आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या खंडात होते. त्यामुळे प्रत्येक रिकाम्या बाकाचा खुलासा समितीच्या बैठकीने होणार नाही.

आता काम काय चालते ते पाहू. केंद्राच्या सर्व मंत्रालयांची वाटणी २४ स्थायी समित्यांमध्ये केलेली आहे. ही पद्धत १९९३ मध्ये १७ समित्यांनी सुरू झाली आणि २००४ मध्ये ही संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्यांना या समित्यांचे सदस्य होता येत नाही. समितीची मुदत एक वर्षाची असते, आणि मला ही या रचनेतील मोठी उणीव वाटते, कारण सदस्याला विषय नीट समजू लागतो न लागतो तोच समितीची पुनर्रचना होते आणि त्याची रवानगी दुसऱ्या समितीवर होऊ शकते.

बैठकीच्या आधी कागदांचे काम असते, आणि माझ्या मते समितीचे खरे बळ तिथेच आहे. समिती वर्षभरासाठी विषय निवडते. सचिवालयातील अधिकारी संबंधित मंत्रालयाकडून टिपण मागवतात, ते वाचून प्रश्नावली तयार करतात आणि मंत्रालयाची लेखी उत्तरे सदस्यांकडे पोहोचवतात. त्यानंतर साक्षीची बैठक ठरते. साक्षीला साधारणपणे मंत्री येत नाहीत; मंत्रालयाचे सचिव आपल्या अधिकाऱ्यांसह समितीपुढे बसतात. आरंभी अध्यक्ष साक्षीदारांना बैठकीच्या गोपनीयतेची आठवण करून देतात. बाहेरचा साक्षीदार असेल तर त्याला हेही सांगतात, की आपली साक्ष जाहीर मानली जाईल, तिचा एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तसे आताच सांगावे, आणि तसे सांगितले तरी तो भाग खासदारांना उपलब्ध होऊ शकेल. बोललेला शब्द न् शब्द नोंदवला जातो. सचिवांकडे एखाद्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तर ते ठरावीक दिवसांत लेखी पाठवावे असे त्यांना सांगितले जाते. सभागृहातल्या गदारोळात मंत्र्याला एखादा प्रश्न टाळून पुढे जाणे जमून जाते. समितीत टाळलेला प्रश्न पुन्हा पत्रातून येतो आणि त्याचे उत्तर सहीनिशी द्यावे लागते.

साक्षी संपल्या की अहवालाचा मसुदा तयार होतो. सदस्य त्यावर चर्चा करतात, दुरुस्त्या सुचवतात, आणि तो स्वीकारला गेल्यावर दोन्ही सभागृहांना सादर होतो. सहमत नसलेल्या सदस्याला आपली भिन्नमतपत्रिका जोडता येते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पक्षांतरबंदी कायदा पक्षादेश मोडून सभागृहात केलेल्या मतदानाला लागू होतो. समितीत घेतलेल्या भूमिकेसाठी सदस्यत्व जात नाही. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याला आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळते ती यामुळे.

वर्षातला सर्वांत धावपळीचा काळ फेब्रुवारी-मार्चचा. अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृहे काही आठवडे स्थगित होतात आणि त्या काळात सर्व समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात : गेल्या वर्षी किती मागितले, किती मिळाले, किती खर्च झाले, आणि उरले असतील तर का उरले. लोकसभेत वेळेअभावी बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्रच मंजूर होतात, हे लक्षात घेतले तर या आठवड्यांचे मोल कळेल.

प्रश्न : लोकलच्या गर्दीत दरवर्षी माणसे मरतात. रेल्वेच्या संसदीय समितीकडे तक्रार करता येईल का?
— रोजची प्रवासी, मुलुंड

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, पण एखादी गाडी उशिरा आली किंवा एखाद्या स्थानकाचा पूल बंद आहे, यासाठी स्थायी समिती हा मार्ग नाही. मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात या समित्यांनी लक्ष घालू नये, असे नियमातच म्हटले आहे. मात्र उपनगरी मार्गांवर सुरक्षेसाठी ठेवलेला पैसा खर्च होतो की नाही, केंद्र आणि राज्य मिळून राबवत असलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाची कामे का रखडली, हे प्रश्न समितीच्या कक्षेत येतात, आणि मागण्यांच्या तपासणीच्या वेळी ते विचारले जाऊ शकतात. म्हणून जानेवारीतच समितीच्या सदस्यांना, विशेषतः त्यात मुंबई किंवा ठाण्याचे खासदार असतील तर त्यांना, मुद्देसूद पत्र लिहावे.

दुसरा मार्ग लोकसभेच्या याचिका समितीचा आहे. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिकांना सभागृहाकडे याचिका करता येते. लोकसभेत ती सादर होण्यासाठी एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. प्रवासी संघटनांनी हा मार्ग अधिक वापरायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. एखाद्या विधेयकावर समितीने सूचना मागवल्या, तर माझ्यासारख्याचे पत्र कोणी वाचते का? मराठीत लिहिले तर चालेल का?
— निवृत्त जहाज अधिकारी, बोरीवली

उत्तर : तुमच्यासारख्यांनीच लिहावे, कारण सचिवालयातील अधिकाऱ्याला कायदा कळतो, पण जहाजावरची रात्र त्याने पाहिलेली नसते.

विधेयक समितीकडे आले की बहुधा वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या संकेतस्थळावरून सूचना मागवणारी जाहिरात प्रसिद्ध होते. मुदत थोडी असते, अनेकदा पंधरवड्याचीच. निवेदने हिंदी किंवा इंग्रजीत मागवली जातात. म्हणून मसुदा मराठीत करा, विचार स्वच्छ होऊ द्या, आणि पाठवताना त्याचे हिंदी किंवा इंग्रजी रूप पाठवा. विधेयक चांगले आहे किंवा वाईट आहे असा सूर लावण्याऐवजी कलमागणिक लिहा : कलम कोणते, त्यामुळे प्रत्यक्ष कामात अडचण कोणती येईल, आणि त्याऐवजी कोणते शब्द असावेत. अनुभवातला एखादा प्रसंग लिहायचा असेल तर तो त्या कलमाखालीच लिहा. साक्ष देण्याची इच्छा असेल तर तसे पत्रात स्पष्ट नमूद करा. बोलवायचे की नाही हे समिती ठरवते. पाठवलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते, त्यामुळे ते समाजमाध्यमांवर टाकू नये.

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण देतो. सागरी चाचेगिरीविरोधी विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीकडे गेले. मूळ मसुद्यात चाचेगिरीच्या कृत्यात कोणाचा मृत्यू घडवणाऱ्याला मृत्युदंड एवढीच शिक्षा लिहिलेली होती. समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात त्या जागी ‘मृत्युदंड किंवा जन्मठेप’ आले. एका ‘किंवा’ने न्यायाधीशाच्या हाती निवड दिली. मुंबई आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे अशा समुद्रांतून जहाजे नेतात. त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या कायद्यातला एकेक शब्द असा तपासला जाणे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मग एवढा खटाटोप कशासाठी?
— कायद्याचा विद्यार्थी, चर्चगेट

उत्तर : बंधनकारक नसतात, हे खरे. संसदेच्या समितीने सरकारला हुकूम द्यावा अशी आपली रचनाच नाही. सरकार उत्तरदायी आहे ते सभागृहाला. पण शिफारशी फेटाळायच्या असतील तर सरकारला त्या गप्प बसून फेटाळता येत नाहीत. साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केले हे लेखी कळवावे लागते. ती उत्तरे तपासून समिती दुसरा अहवाल काढते. त्याला कार्यवाही अहवाल म्हणता येईल. अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल उघडून पाहावा. पहिल्या प्रकरणात समितीचे म्हणणे असते, दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचे उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांवरचे उत्तर समितीला पटले नाही अशा, आणि पाचव्यात ज्यांवर अंतिम उत्तर यायचे आहे अशा. वेळ थोडा असेल तर चौथे प्रकरण आधी वाचावे. सरकार आणि संसद यांचे खरे मतभेद तिथे कोणत्याही घोषणेशिवाय, परिच्छेद क्रमांकासह सापडतात.

याची मर्यादाही सांगायला हवी. राष्ट्रीय ओळख प्राधिकरणाचे, म्हणजे आधारचे, पहिले विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ च्या अहवालात अमान्य केले. विधेयक अडले, पण आधार क्रमांक देण्याचे काम प्रशासकीय आदेशावर चालूच राहिले, आणि २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येत नाही अशा प्रकारचे विधेयक म्हणून, संमत झाला. समितीने उपस्थित केलेले खासगीपणाचे प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढवले गेले. ज्या शंका समितीच्या टेबलावर सुटू शकल्या असत्या, त्या नागरिकांना न्यायालयात न्याव्या लागल्या, असे माझे मत आहे.

मला याहून मोठी चिंता वाटते ती विधेयके समितीकडे जाण्याचेच प्रमाण घटल्याची. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात, म्हणजे २००९ ते २०१४ मध्ये, ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती; सतराव्या लोकसभेच्या काळात, २०१९ ते २०२४ मध्ये, हे प्रमाण १६ टक्के होते. प्रत्येक विधेयक समितीकडे जावेच अशी सक्ती आपल्या नियमांत नाही. ती असावी, निदान दंडविधान, कामगार आणि शेती यांविषयीच्या विधेयकांसाठी तरी असावी, असे मी या सदरात याआधीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहितो.

प्रश्न : लोकलेखा समिती आणि संयुक्त संसदीय समिती यांत फरक काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : लोकलेखा समिती कायम असते. ती १९२१ पासून चालत आलेली आहे. आज तिचे २२ सदस्य असतात, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांच्या आधारे सरकारने मंजूर पैसा मंजूर कामावरच खर्च केला का हे ती पाहते. तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात १९६७ मध्ये पडला, आणि तो मान पहिल्यांदा मिळाला तो मिनू मसानी यांना. तरुणपणी ते मुंबईचे महापौर होते, हे गिरगावच्या वाचकाला सांगताना आनंद होतो. संयुक्त संसदीय समिती मात्र एका कामापुरती नेमली जाते आणि अहवाल दिला की संपते. दलाल स्ट्रीटला हादरवणाऱ्या रोखे घोटाळ्यावर १९९२ मध्ये नेमलेली समिती हे त्याचे मुंबईकरांना आठवणारे उदाहरण.

प्रश्न : समित्या अभ्यास दौऱ्यासाठी मुंबईत वारंवार का येतात?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : रिझर्व्ह बँक, सेबी, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, तेल कंपन्या आणि जहाजवाहतूक महासंचालनालय यांची मुख्यालये येथे आहेत, हे साधे कारण. दौऱ्यातील चर्चा अनौपचारिक असते. अधिकृत साक्ष दिल्लीतच नोंदवली जाते. दौऱ्यांवरील खर्चाविषयी प्रश्न विचारणे योग्यच आहे, पण कार्यालयात बसून बंदर समजत नाही, हेही तितकेच खरे.

प्रश्न : आमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत आणि बैठकांना जातात का, हे कसे कळेल?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, चेंबूर

उत्तर : बैठका बंद दाराआड होत असल्या तरी सदस्यांची यादी आणि सादर झालेले अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. चोवीसपैकी सोळा समित्यांचे काम लोकसभा सचिवालय पाहते आणि आठ समित्यांचे राज्यसभा सचिवालय, त्यामुळे एका ठिकाणी अहवाल मिळाला नाही तर दुसरीकडे शोधावा. अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, त्या विषयावर झालेल्या बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या आरंभी उपस्थित सदस्यांची नावे तारखेसह दिलेली असतात. बैठकीला एक तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती पुरते, त्यामुळे ही नावे कधीकधी फारच थोडी असतात. दादरच्या वाचकांनाही आपल्या खासदारांचे उत्तर याच पानांवरून पडताळता येईल. आपल्या खासदारांचे नाव ज्या बैठकांत सापडेल त्यांचे विषय टिपून ठेवावेत आणि संस्थेच्या पुढच्या कार्यक्रमाला ते आले, की त्या विषयांवर समितीत त्यांनी कोणती भूमिका मांडली हे विचारावे. अहवाल सादर झालेला असल्याने त्याविषयी बोलायला त्यांना कोणतीही आडकाठी नसते.