दिवाळखोरीचा अर्ज आणि खात्यातली शिल्लक

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. क्रेडिट कार्डांची देणी हाताबाहेर गेल्याने चॅप्टर सेव्हनचा, म्हणजे देणी माफ करून घेण्याच्या दिवाळखोरीचा, अर्ज करणार आहोत. चेकिंग खात्यात पगार येतो आणि भाडं, वाणसामान, गाडीचा हप्ता यांत आठ दिवसांत संपतो. हेही पैसे दाखवायचे का? कोणत्या दिवसाचा आकडा लिहायचा? शिवाय पुण्यात आईबरोबर जॉइंट खातं आहे, त्यात तिचं पेन्शन जमा होतं.

उत्तर : दाखवायचे. शिल्लक शून्य असली तरी खातं लिहायचं. अर्जासोबतच्या मालमत्तेच्या यादीत, म्हणजे फॉर्म १०६ ए/बी मध्ये, १६ वा प्रश्न हातातल्या रोख रकमेचा आहे, १७ वा बँकेतल्या पैशांचा. आकडा अर्ज दाखल होतो त्या दिवसाचा. मागच्या स्टेटमेंटचा नाही, सरासरी तर नाहीच. त्या दिवशी ॲपमधल्या शिल्लकेची प्रिंट काढून ठेवा, कारण ती तारीख ज्यात येते ते स्टेटमेंट ट्रस्टीला (तुमचं दिवाळखोरीचं प्रकरण पाहायला नेमलेल्या माणसाला) द्यावंच लागतं.

घोळ होतो तो न वटलेल्या चेकचा. समजा, खात्यात ४,२०० डॉलर आहेत आणि घरमालकाला दिलेला २,१०० चा चेक अजून वटलेला नाही. तुमच्या हिशेबात २,१०० उरले, पण चेक वटेपर्यंत पैसे तुमचेच, म्हणून लिहायचे ४,२००. एवढी रक्कम सूट म्हणून, म्हणजे कायद्याने स्वतःकडे ठेवता येणारी म्हणून, मागितलेली नसेल, तर ट्रस्टी उरलेले पैसे तुमच्याकडे मागू शकतो, चेक नंतर वटला तरीही. भाड्याचा चेक वटू द्या आणि मगच अर्ज करा, हे सोपं. भाडं, किराणा, वीजबिल असा नेहमीचा खर्च आधी करायला हरकत नाही. सोनं घेऊन ठेवणं त्यात बसत नाही.

तसं घाबरायचं कारण नाही. न्यू जर्सीत फेडरल (केंद्रीय) कायद्यातल्या अशा सवलती घेता येतात. १ एप्रिल २०२५ पासून कोणत्याही मालमत्तेला लावता येणारी सूट माणशी १,६७५ डॉलर आहे, आणि स्वतःचं घर नसेल तर त्यात आणखी १५,८०० पर्यंतची भर पडते. पगाराचं खातं बहुधा यात बसतं. मात्र ही सूट आपोआप मिळत नाही, शेड्यूल सी या सवलतींच्या यादीत मागावी लागते. खातं लपवलं, तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, शिवाय तो फौजदारी गुन्हा आहे. सुटणारेच पैसे लपवून ही जोखीम घेण्यात काय हशील?

पुण्याचं खातंही लिहा. मालमत्ता जगात कुठेही असो, कायदा ती धरतो. रुपयांचे डॉलर त्या दिवसाच्या दराने करा. आईचा हिस्सा तिचाच आहे हे तिथे नोंदवा आणि आर्थिक व्यवहारांची माहिती विचारणाऱ्या फॉर्म १०७ च्या २३ व्या प्रश्नातही सांगा, तो दुसऱ्याच्या तुमच्याकडे असलेल्या मालमत्तेचाच आहे. पेन्शन जमा झाल्याच्या पासबुकातल्या नोंदी जोडीला ठेवा.

पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेचं असेल, तर बँक शिल्लक अडवून ठेवू शकते. पगार आधीच दुसरीकडे वळवा. जुनं खातं बंद केलंत तर ते फॉर्म १०७ च्या २० व्या प्रश्नात येतं. तिथे मागच्या वर्षभरात बंद केलेली खाती विचारतात.

प्रश्न : अर्जाआधी मेहुण्याचे उसने घेतलेले ३,००० डॉलर फेडून टाकले तर?

उत्तर : नका फेडू. नातेवाइकांना वर्षभरात केलेली अशी परतफेड ट्रस्टी रद्द करून मेहुण्याकडूनच वसूल करू शकतो. ज्यांचे पैसे देणं आहे अशा इतरांसारखंच मेहुण्याचं नावही यादीत घाला. कर्जमाफीनंतर स्वखुशीने फेडायला कायद्याची आडकाठी नाही.