भंडाऱ्याचा पिवळा व्हॉट्सॲपवर फिका का पडतो?

(वाचकांचे प्रश्न : या वेळी एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा मोठा पल्ला टिपणाऱ्या, व्हिडिओचे संकलन आणि ऑनलाइन प्रसारण)

प्रश्न : पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण मी आयफोनवर चित्रित केली. फोनवर पाहताना हळदीचा पिवळा डोळ्यांत भरतो. तोच व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तेव्हा मात्र नातेवाइकांनी तो फिकट आणि करडट दिसत असल्याचे कळवले. जुन्या लॅपटॉपवर तर सगळ्यावर धुके पसरल्यासारखे वाटते. फोनमध्ये बिघाड आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपला फोन ठीक आहे. आयफोन 12 आणि त्यापुढच्या फोनमध्ये व्हिडिओ डॉल्बी व्हिजन या एचडीआर पद्धतीने नोंदवण्याची सोय आहे आणि त्या नोंदीच्या मुळाशी एचएलजी हा एचडीआरचा प्रकार असतो. ब्रिटनची बीबीसी आणि जपानची एनएचके या प्रसारण संस्थांनी तो विकसित केला. 2016 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीटी 2100 हे मानक प्रसिद्ध केले, त्यात तो पीक्यू या दुसऱ्या प्रकारासह समाविष्ट आहे. साध्या व्हिडिओचे मानक रेक 709 असून त्यात पडद्याची सर्वाधिक उजळता 100 निट्स (निट हे उजळतेचे एकक) धरलेली असते. एचडीआरमध्ये पांढऱ्या कापडाच्या वर बरीच जागा राखलेली असते, ती उन्हात चमकणारा कळस किंवा पितळी घंटा यांच्यासाठी.

ही राखीव जागाच आपल्या तक्रारीचे कारण आहे. एचएलजीमध्ये पांढरा सदरा साधारण 75 टक्के पातळीवर बसवलेला असतो. ॲपला किंवा लॅपटॉपवरील प्लेअरला फाइल एचडीआर आहे हे कळलेच नाही, तर तो हे 75 टक्के जसेच्या तसे पडद्यावर मांडतो आणि यात्रेकरूंचे पांढरे फेटे करडे दिसू लागतात. रंगांचेही तसेच होते. रेक 2020 या विस्तृत रंगपटातील आकडे रेक 709 चे समजून वाचले गेले, की प्रत्येक रंगाचा गडदपणा उतरतो आणि हळदीसारख्या गडद रंगात तो फरक सर्वांत आधी डोळ्यांत खुपतो.

उपाय एकच आहे आणि तो मी आग्रहाने सांगतो : व्हॉट्सॲपसाठी साधी म्हणजे एसडीआर प्रत आपण स्वतः तयार करावी, रूपांतराचे काम ॲपवर सोडू नये. संगणकावर डाविंची रिझॉल्व्ह हा संकलनाचा प्रोग्रॅम असेल, तर ‘कलर स्पेस ट्रान्सफॉर्म’ हा परिणाम क्लिपवर लावावा. इनपुटला रेक 2020 आणि रेक 2100 एचएलजी, आउटपुटला रेक 709 आणि गॅमा 2.4 निवडून टोन मॅपिंग (उजेडाचा पल्ला आवळणे) व गॅमट मॅपिंग (रंगांचा पल्ला आवळणे) दोन्ही चालू ठेवावेत. त्यानंतर भंडाऱ्याचा लोट असलेली फ्रेम थांबवून नीट पाहावी. रूपांतर घाईचे झाले असेल, तर लाल आणि हिरवा हे दोन्ही घटक कमाल मर्यादेला टेकलेले असतात, हवेत उडालेली हळद सुटी न दिसता पिवळा सपाट डाग दिसतो आणि त्यामागचे चेहरेही हरवतात. अशा वेळी रूपांतराच्या आधीच्या पायरीवर उजळ भाग थोडा खाली आणावा आणि फक्त पिवळ्याचा गडदपणा किंचित कमी करावा, म्हणजे भुकटीचे कण पुन्हा वेगळे दिसू लागतात. सगळ्या चित्राचा उजेड कमी करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात माणसे काळवंडतात.

प्रश्न : सांगलीत माझा लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. कॅमेऱ्यात एचएलजीवर शूट करून रिझॉल्व्हमध्ये संकलन केले आणि यूट्यूबवर चढवले. तरी तेथे एचडीआर असा उल्लेख येत नाही, शिवाय संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात. (एक व्यावसायिक, विश्रामबाग)

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे तयार फाइल बाहेर काढण्याच्या पायरीत आहे. आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगघटकाला 256 पायऱ्या मिळतात, दहा बिटमध्ये 1024. एचडीआरचा मोठा पल्ला 256 पायऱ्यांत कोंबला, की आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या भागात पट्टे उमटतात. म्हणून एक्स्पोर्ट करताना एच 265 हा फाइल दाबण्याचा प्रकार निवडून प्रोफाइल ‘मेन 10’ (दहा बिटचे) ठेवावे. त्याच पानावरील ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कलर स्पेस टॅग रेक 2020 आणि गॅमा टॅग रेक 2100 एचएलजी असल्याची खात्री करावी; टॅग म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली तिची ओळख. यूट्यूब 2016 पासून एचडीआर स्वीकारते, परंतु फाइल एचडीआर आहे हे ते या टॅगवरूनच ओळखते. टॅग नसलेली फाइल कितीही उत्तम असली, तरी साधी म्हणूनच धरली जाते.

बिटरेटबाबत, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा याबाबत, यूट्यूबची स्वतःची शिफारस अशी आहे : सेकंदाला 24 ते 30 फ्रेमच्या एचडीआर व्हिडिओसाठी 1080पीला 10 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि 4केला 44 ते 56 एमबीपीएस. चढवण्यापूर्वी मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून बीटी 2020, एचएलजी आणि 10 बिट या तिन्ही नोंदी दिसतात का, ते तपासावे. चढवल्यावर एचडीआर आवृत्ती तयार व्हायला साध्या आवृत्तीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे तेवढा वेळ जाऊ द्यावा आणि मग गुणवत्तेच्या यादीत एचडीआर हा उल्लेख शोधावा. ज्यांचे पडदे साधे आहेत त्यांना यूट्यूब आपोआप एसडीआर आवृत्ती दाखवते, म्हणून लिंक ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तीही एकदा साध्या मोबाइलवर पाहून घ्यावी.

आपल्या पत्रात मॉनिटरचा उल्लेख नाही, पण या कामात तो फार महत्त्वाचा आहे. साध्या मॉनिटरवर एचडीआरचा उजेड डोळ्यांनी जोखता येत नाही. एचडीआर मॉनिटर घेणे लगेच शक्य नसेल, तर वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातील उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर विसंबावे : नवरदेवाचा पांढरा सदरा 75 टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि त्याच्या वर फक्त शालूच्या जरीची चमक, समईची ज्योत व मंडपातले दिवे जाऊ द्यावेत. मंडपाचे पांढरे कापडही वर गेले, तर मोठ्या टीव्हीवर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो आणि वधूवरांचे चेहरे त्यापुढे मंद वाटतात.

प्रश्न : आयफोनवर एचडीआर कायम चालू ठेवावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : व्हिडिओ काहीही संकलन न करता थेट गटावरच जाणार असेल, तर बंद ठेवावे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ येथे ‘एचडीआर व्हिडिओ’ हा पर्याय मिळतो. मात्र मेणवलीच्या घाटावर सकाळी चित्रीकरण करणार असाल, जेथे कमानीखाली गडद सावली आणि कृष्णेच्या पाण्यावर लख्ख ऊन एकाच चौकटीत येते, तर ते अवश्य चालू ठेवावे. एचडीआर नोंदीतून चांगली एसडीआर प्रत केव्हाही काढता येते. साध्या नोंदीत पाण्यावरचा जो तपशील पांढरा होऊन गेला, तो नंतर कोणत्याही प्रोग्रॅममधून मिळत नाही. आणि मूळ फाइल कोणाला पाठवायची असेल, तर व्हॉट्सॲपवर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली न जाता आहे तशी पोहोचते.