ग्रुपवर सगळे आहेत, बोलत कोणीच नाही

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आमच्या डॉक्टरांच्या संघटनेचा मी यंदा सचिव झालो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ८६ सभासद आहेत. सकाळी फुलांची चित्रं, दिवसभर फॉरवर्ड, मधूनमधून वाढदिवसाचे केक. सभेची सूचना टाकली की दोन अंगठे येतात आणि सभेला अकरा जण. कार्यकारिणीत काहींचं म्हणणं, फेसबुक पान काढू, इन्स्टाग्राम काढू. तुम्ही चिपळूणला हे काम बरीच वर्षं केलंत, म्हणून विचारतो. – एक सचिव, राजापूर

उत्तर : डॉक्टर, इतक्यात नवीन काही काढू नका. आधी एक करा. तुम्ही टाकलेल्या सूचनेवर बोट दाबून धरा आणि तिची माहिती उघडा. कोणी वाचलं आणि कोणापर्यंत नुसतं पोचलं, याची यादी दिसेल. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचीही नावं ग्रुपच्या या यादीत येतात. मी पहिल्यांदा ती उघडली, तेव्हा दहा-बारा नावं दिसतील असं धरून चालले होते. ९४ पैकी ७१ जणांनी वाचलं होतं. माणसं तिथेच होती, बोलावं असं काही आम्ही त्यांच्यापुढे ठेवत नव्हतो.

आमचा ग्रुप बोलायला लागला तो २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावरून पाणी गेलं, केसपेपरांचा लगदा झाला. मोबाइलला रेंज आली ती तिसऱ्या दिवशी. पहिला मेसेज खेर्डीच्या एका सभासदाचा, ज्यांनी चार वर्षांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’पलीकडे ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं : ‘डॉक्सी संपली. कोणाकडे आहे?’ पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसांना लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन द्यायची होती आणि त्यांच्याकडचा साठा पाण्यात गेला होता. अकरा मिनिटांत सावर्ड्याहून उत्तर आलं : ‘माझ्याकडे सहा डबे आहेत. मुलाला बहादूरशेख नाक्यापर्यंत पाठवतो.’ मग आठवडाभराने तापाचे पेशंट यायला लागले. लेप्टो की डेंगी, प्लेटलेट कोण तपासून देतंय, कुठे खाट रिकामी आहे, हेच दिवसरात्र चालू. तीन आठवडे ग्रुपवर एक फूल आलं नाही, आणि आम्ही कोणाला मनाईही केली नव्हती.

पूर ओसरला तसा ग्रुपही पुन्हा गप्प होऊ लागला. तेव्हा आम्ही ‘सोमवारचा पेशंट’ सुरू केला. दुपारी अडीचला, म्हणजे सकाळची ओपीडी आटोपून जेवण झालेलं असतं आणि पाचला परत बसायचं असतं, त्या वेळेत. पाळीपाळीने एका सभासदाने आपला एक पेशंट मांडायचा : काय तक्रार घेऊन आला, मला काय दिसलं, मी कुठे अडलो. शेवट प्रश्नानेच करायचा. आणि यातलं खरं काम पडद्यामागचं आहे. रविवारी रात्री मी एका सभासदाला फोन करत असे, ‘उद्या पहिलं उत्तर तुम्ही द्यायचं.’ नव्वद डॉक्टरांसमोर लेखी चुकायची भीती सगळ्यांनाच असते. नव्यांना जुन्यांसमोर, आणि जुन्यांना नव्यांसमोर तर जास्तच. पहिलं उत्तर पडलं की दुसरं आपोआप येतं.

ज्येष्ठांना टाइप करा म्हणून भरीला घालू नका. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक सर आहेत, ते बोलूनच मेसेज पाठवतात. विंचूदंशाचा पेशंट निघाला त्या सोमवारी त्यांनी चार मिनिटांचा आवाज पाठवला. दरदरून घाम, थंडगार हातपाय, मुलाचा चेहरा कसा दिसतो, सगळं. मागे रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. तो मेसेज मी अजून ठेवलाय. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशाच पेशंटांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या आणि पुढे त्यांनीच विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. आपल्या लाल मातीतल्या डॉक्टरला जे दिसतं ते पुस्तकात असतंच असं नाही. म्हणून मला या ग्रुपचं इतकं मोल वाटतं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. मी स्वतः एकदा छातीचा एक्स-रे टाकला. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. संध्याकाळपर्यंत त्या मुलीच्या सासरी क्षयाची बातमी पोचली होती. तिच्या आईसमोर मी कोणत्या तोंडाने बसले ते मला माहीत. तेव्हापासून आमचा नियम : नाव, गाव, चेहरा काही नको, फोटोच्या कडा कापूनच टाकायचा, आणि पेशंटला विचारल्याशिवाय टाकायचाच नाही. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. आम्ही ७ दिवस ठेवले. पण कोणी स्क्रीनशॉट काढला तर त्याला ही सोय काही करू शकत नाही, हे सभासदांना सभेत तोंडी सांगा.

सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा, तिथे फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं ठेवा. तो म्यूट करू नका अशी विनंती एकदाच करा. सभेची तारीख तुम्ही ठरवून कळवू नका, तीन तारखांवर मतदान घ्या. फुलं आणि केक यांचा ज्यांना आनंद आहे त्यांना तिसरा ग्रुप द्या, त्यांना दुखवू नका. तीच मंडळी सभेला खुर्च्या मांडायला लवकर येतात.

राहिलं फेसबुक. लोकांसाठी पान काढायचं तर संघटनेच्या नावाने काढा, एकेका डॉक्टरचा फोटो आणि दवाखान्याचा पत्ता मिरवायला नको. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत मनाई आहे. आणि सभासदांना बोलतं करायला त्या पानाचा उपयोग होणार नाही. ते काम ग्रुपवरच व्हायचं आहे.

पहिल्या सोमवारचा पेशंट तुम्ही स्वतःचाच मांडा, ज्याच्या बाबतीत तुम्ही खरोखर अडला होतात असा. पहिलं उत्तर द्यायला कोणी तयार होत नसेल तर रविवारी रात्री मला फोन करा. राजापूरच्या दोघातिघांशी माझी जुनी ओळख आहे, मी बोलते त्यांच्याशी.