तेल नंतर पुसा, आधी पॅड मोजा

वापरलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड तुम्ही घेतलं, घरी आणून बघितलं तर स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी कडेवर तेलकट थेंब. विकणारा म्हणतो ‘काही नाही, पुसून टाका’ आणि मित्र म्हणतो ‘कपॅसिटर फुटलाय, परत दे’. तुमचं हे वाचलं आणि हसू आलं. दोन वर्षांपूर्वी मी याच जागी बसलो होतो, कार्डही हेच.

मी काही दुरुस्तीवाला नाही, स्वतःचं एक कार्ड बिघडवून शिकलेला माणूस आहे. त्या हिशोबाने वाचा.

मित्राचं बहुधा चुकतंय. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग; आताच्या कार्डांवर बहुतेक सॉलिड कपॅसिटर असतात, त्यात पातळ द्रव नसतोच. तुमच्या वर्णनावरून हे थर्मल पॅडमधून (चिपची उष्णता वरच्या हीटसिंकला, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या भागाला, देणारी मऊ पट्टी) सुटलेलं सिलिकॉनचं तेल वाटतंय. टिश्यूच्या टोकाने एक थेंब टिपा. रंग नाही, वास नाही, चिमटीत चोळल्यावर नुसतं बुळबुळीत लागतं, तर तेच. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पिवळट, चिकट आणि एखाद्याच भागाभोवती असेल तर तो फ्लक्स (सोल्डरिंगला लावतात तो चिकट पदार्थ), म्हणजे कुणीतरी तिथे सोल्डरिंग केलंय आणि तुम्हाला सांगितलेलं नाही. पंख्यांवर तपकिरी चिकट धूळ आणि फोडणीचा किंवा सिगारेटचा वास, तर कार्ड कुठे राहिलंय ते कळलंच. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी गेलंय, सरळ परत करा. चंदेरी गोळी दिसली तर ते लिक्विड मेटल, काही जण चिप थंड ठेवायला लावतात तो पातळ धातू. त्यातून वीज वाहते, कार्ड लावूच नका.

अजून एक निरीक्षण. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं असतं, पंखे खाली, म्हणून तेल पंख्यांच्या बाजूला उतरतं. मायनिंगच्या, म्हणजे कार्डांवर आभासी चलन कमावायच्या, सांगाड्यात ते उभं असतं, स्लॉटची कड खाली. तुमचं तेल नेमकं त्या कडेवर साचलंय. पुरावा म्हणणार नाही, पण विकणाऱ्याच्या ‘फक्त गेमिंग केलंय’वर मी तरी विश्वास ठेवणार नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि असली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्या कामात सगळा ताण मेमरीवर, तोही चोवीस तास. ३०८० ची जीडीडीआर६एक्स मेमरी आधीच तापट, मग पॅडमधलं तेल निघून पॅड वाळणारच.

म्हणजे तेल पुसून काही सुटत नाही. पॅड संपले असावेत, हा खरा मुद्दा. आणि इथेच मी माती खाल्ली.

कार्ड उघडलं तर पॅड जुन्या पापडासारखे, उचलला की तुकडे. मी ते उत्साहाने खरवडून रद्दी पेपरवर गोळा केले आणि कचऱ्यात टाकले. एकाचीही जाडी मोजली नाही, फोटो नाही. दुकानात विचारलं (नाव घेत नाही), तर काउंटरवरचा म्हणाला, ‘सगळीकडे दोन एमएम टाका, जाड पॅड म्हणजे जास्त थंड.’ मी टाकले. मेमरी १०८ अंशांवरून ८२ वर आली, मी खूश. मग हॉटस्पॉट, म्हणजे मुख्य चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, बघितला: १०४! गाभा, म्हणजे चिपचं एरवीचं तापमान, ७९. आधी दोघांत जेमतेम बारा अंशांचा फरक होता.

मला वाटलं चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट चुकली. तीन वेळा पेस्ट बदलली, स्क्रू आवळले, एका स्क्रूचं डोकं गेलं. चौथ्यांदा उघडल्यावर नीट पाहिलं: चिपवर वाटाण्याएवढी ठेवलेली पेस्ट एका कोपऱ्यात दबलेली, बाकी जशीच्या तशी उभी. ताटाखाली वाटी अडकावी तसा हीटसिंक त्या जाड पॅडवर बसला होता, चिपला टेकतच नव्हता. तीन आठवडे गेले, पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून तुम्ही पॅड काढण्याआधी प्रत्येकाचा जागेवर फोटो काढा. व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजा, तेही चिपच्या बाहेर लोंबणाऱ्या न दबलेल्या कडेला. मधला भाग चेपलेला असतो, तिथलं माप खोटं. एकाच कार्डावर दोन-तीन जाड्या असू शकतात. माप मिळालंच नाही तर थर्मल पुटी लावा, ती मळलेल्या कणकेसारखी दबते आणि जागा असेल तेवढीच भरते. मी शेवटी तेच केलं, आजही चालू आहे. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा मला पुटी जास्त प्रामाणिक वाटते.

आता पुसण्याचं. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. हँड सॅनिटायझर नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, वर पाणीही. खरं सांगायचं तर आयपीएत सिलिकॉनचं तेल नीट विरघळत नाही, नुसतं सरकतं. त्यामुळे आधी कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या, मग आयपीए, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू. कापूस वापरू नका, तंतू बारीक भागांत अडकतात. अॅसिटोन प्लॅस्टिक खातं. पंख्यांवर हवा मारताना पाती बोटाने धरा.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडण्याआधी विचार करा. ते फाडलं तर पुढची जबाबदारी तुमची, माझी नाही.

पण हे सगळं नंतर, आधी कार्ड उघडू नका. अर्धा तास गेम चालवून मेमरी जंक्शन (मेमरीचं तापमान) आणि हॉटस्पॉट, दोन्ही आकडे इथे टाका. मेमरी १०० च्या आत असेल तर मी हातही लावला नसता.