लाल खूण आणि हिरवी ओळ

‘घरच्या घरी लाळेची जनुकीय चाचणी केली, अहवालात एका आजाराचा धोका जास्त असल्याचे आले, आता तो आजार मला होणारच का?’ जनुकीय समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. फोंडा तालुक्यातील एका शिक्षिकेची हकीकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

बाईंचे वय ३८. मुंबईतल्या भावाने वाढदिवसाची भेट म्हणून चाचणीचा संच पाठवला होता. अहवालात अल्झायमर या विस्मरणाच्या आजारापुढे लाल खूण होती आणि तेव्हापासून वर्गात एखाद्या मुलाचे नाव चटकन आठवले नाही, तरी त्यांच्या छातीत धस्स होत असे. “मॅडम, मला आतापासूनच सुरुवात झाली असेल का हो?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

त्यांच्याकडे एपीओई जनुकाच्या ‘ई-४’ प्रकाराची एक प्रत होती. तिच्यामुळे धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो, असे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून दिसले आहे; मात्र ही प्रत असलेल्या अनेकांना अल्झायमर कधीच होत नाही आणि ती नसलेल्या अनेकांना होतो. या खुणेवरून निदान होत नाही आणि ३८व्या वर्षी एखादे नाव न आठवणे हे अल्झायमरचे लक्षणही नव्हे, हे ऐकल्यावर त्या थोड्या सैलावल्या.

मी मात्र नेहमीप्रमाणे कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढायला घेतली. आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारानंतर त्या आज बऱ्या आहेत. आजीविषयी बाईंना काहीच ठाऊक नव्हते. चवथीला आजोळी सगळे जमले, तेव्हा त्यांनी थोरल्या मावशीला विचारले आणि कळले की आजी पंचेचाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली. अंडाशयाच्या कर्करोगात असे पाणी साचते. अर्थात, कारणे इतरही असतात, पण आईच्या आजाराशेजारी ही नोंद ठेवल्यावर मला स्वस्थ बसवेना.

अहवालात स्तनाच्या कर्करोगापुढे हिरव्या अक्षरांत ‘बदल आढळला नाही’ असे लिहिले होते आणि ती ओळ वाचून बाई निर्धास्त झाल्या होत्या. शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांत मात्र मोजकेच बदल तपासल्याचे नमूद होते. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांत हजारो घातक बदल ज्ञात आहेत, तर अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या घरगुती चाचणीत त्यांपैकी अवघे तीन तपासले जात, तेही मुख्यतः अश्कनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील, ज्यू वंशात आढळणारे. आपल्याकडच्या स्त्रीला अशा चाचणीतील ‘नाही’वर विसंबता येत नाही, आणि ज्या घरात आई-मावशीला हा आजार झाला आहे तिथे तर मुळीच नाही. लाल खुणेने झोप उडवावी आणि हिरव्या ओळीने तपासणी टाळायला लावावी, याची मला अधिक धास्ती वाटते.

अशा वेळी शक्य असल्यास प्रथम आजार झालेल्या व्यक्तीची पूर्ण चाचणी करतात, म्हणजे कोणता बदल शोधायचा ते कळते. आईच्या रक्तात बीआरसीए१चा घातक बदल सापडला. तो मुलीकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. चाचणी करायची की नाही, यावर बाईंनी यजमानांशी बोलून, वेळ घेऊन निर्णय घेतला. बदल त्यांच्यातही निघाला.

हा बदल असणाऱ्या स्त्रियांना ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, तर अंडाशयाच्या कर्करोगाची ४० टक्क्यांहून थोडी अधिक असते. हे आकडे सांगताना जीव जड होतो, परंतु इथे करण्याजोगे पुष्कळ आहे. त्यांची दरवर्षीची स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आता सुरू झाली आहे. दोन मुले झाली असल्याने अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याविषयी त्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलत आहेत. पुरुषाकडेही हा बदल असू शकतो आणि त्याच्याकडून तो लेकीकडे जाऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच भावाला फोन करून समजावले. तो पुढच्या खेपेस गावी येईल, तेव्हा मला भेटणार आहे.