दुरुस्तीला गेलेली मोटारही स्टॉकमध्ये धरा

तुमची अडचण मला कळली ती अशी: कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत सँड प्लँटला (साच्यांची वाळू तयार होते तिथे) एकाच साइजच्या गिअर मोटारी, स्टॉकच्या सिस्टीममध्ये मिनिमम दोन लावलंय, रॅकवर दोनपेक्षा कमी दिसल्या की दुरुस्तीला गेलेल्या न मोजता ती नवीन मागवते. तरी मार्चमध्ये मोटारीवाचून लाइन थांबायची ती थांबलीच, आणि आता पाच मोटारी धूळ खात पडल्यात.

मिनिमम दोन हा हिशेब बेअरिंगला, व्ही-बेल्टला ठीक. ते वापरलं की संपलं. मोटार संपत नाही, जळली की उद्यमनगरात दुरुस्तीला जाऊन परत येते. म्हणून रॅकवरच्या चांगल्या, दुरुस्तीला गेलेल्या आणि ऑर्डर दिलेल्या, तिन्ही मिळून आकडा धरायचा. नवीन घ्यायची ती एखादी भंगारात काढली तरच.

राहिला प्रश्न किती ठेवायच्या याचा. समजा वर्षाला ८ जळतात आणि परत यायला ४५ दिवस लागतात. म्हणजे सरासरी एक मोटार कायम बाहेर. मग एक स्पेअर पुरेल असं वाटतं, पण मोटारी काही नंबर लावून जळत नाहीत. पॉयसनच्या कोष्टकाने (सरासरीवरून एकाच वेळी किती बाहेर असण्याची शक्यता किती, ते सांगणारं कोष्टक) बघितलं तर एका स्पेअरवर शंभरातले साधारण २६ दिवस मशीन मोटारीची वाट बघत असतं. दोन ठेवल्या तर ८ दिवस. पण तेच ४५ चे १५ दिवस केले, तर एकाच स्पेअरवर ४-५ दिवसांवर येतं. तिसरी मोटार घेण्याआधी हे करून बघा.

आमच्याकडे असेच ४५ दिवस लागायचे. मी रिवाइंडिंगवाल्याला (जळलेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळून देणारा) शिव्या घालायच्या तयारीनेच गेलो. मोटार त्याच्या टेबलाखाली वार्निश वाळून तयार! त्याने मोटार आल्या-गेल्याच्या तारखांचं चलन पुढे केलं. गेटपाससाठी आमच्याच शेडमध्ये ९ दिवस, एस्टिमेटवर सही व्हायला १६, त्याचं काम ६, आणि तयार झाल्यावर आणायला कोण गेलंच नाही ते १४. गप चहा पिऊन आलो. त्यानंतर एचपीप्रमाणे दर आधीच ठरवून टाकले आणि दर गुरुवारी टेम्पो लावला.

मोटारीच्या बॉडीवर नंबर पंच करा, कागदी टॅग तेलात गळून पडतो. नंबर असला की कुठली कितव्यांदा जळली ते कळतं. तीच ती मोटार परत परत जात असेल तर कोअर (तार गुंडाळतात तो आतला लोखंडी गाभा) तपासून घ्या, नाहीतर सरळ भंगारात काढा. सिस्टीममध्ये नवीन आणि दुरुस्त यांची किंमतही वेगळी ठेवा, नाहीतर अकाउंट्सवाले डोकं खातात.

पावसाळ्यापुरती मात्र एक जादा असू द्या. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तिथे टेम्पोचं काय चालणार.

मार्चच्या आधीच्या सहा महिन्यांची चलनं काढा आणि जायच्या-यायच्या तारखा इथे टाका. पाचांपैकी किती ठेवायच्या ते मग बघू.