पहिली स्लाइड काढून टाक

प्रिय दोस्त,

तुझं सादरीकरण मिळालं. एकदा प्रवासात मोबाइलवर पाहिलं, मग घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसले. कमी तापमानाला सुती कापड रंगवायची तुझी पद्धत पटली. पैशांचं पान मात्र पटलं नाही. नोकरीचा राजीनामा देण्याआधी हे तुझ्या वाचनात यावं, म्हणून फोन न करता लिहितेय.

आधी पहिली स्लाइड काढून टाक. ‘जगातल्या कार्बन उत्सर्जनात फॅशनचा वाटा १० टक्के, विमानं आणि जहाजं मिळून होतो त्याहून जास्त.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलंय की खरंच वाटायला लागतं, पण उगम शोधत गेलं की हाती भक्कम असं काही लागत नाही. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि अ‍ॅपॅरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट या संस्थांनी २०२१ मध्ये मांडलेला अंदाज २०१९ सालासाठी साधारण १०२ कोटी टनांचा आहे, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि ग्लोबल फॅशन अजेंडा ही संस्था यांचा अंदाज २०१८ साठी २१० कोटी टनांचा, सुमारे चार टक्के. पादत्राणं धरायची का, घरचं धुणं-इस्त्री धरायची का, यावर आकडा हलतो. पहिल्याच पानावर डळमळीत आकडा दिसला की पैसे देणारा माणूस विसाव्या पानावरचा बरोबर आकडाही संशयानं वाचतो. मीही तशीच वाचते.

त्या २०२१ च्या अभ्यासातला दुसरा एक आकडा तुझ्या जास्त कामाचा आहे. निम्म्याहून थोडं जास्त, ५२ टक्के उत्सर्जन कापड तयार करणं, रंगवणं आणि फिनिशिंग या टप्प्यावर होतं. शिलाईच्या कारखान्यांचा वाटा जेमतेम नऊ टक्के. म्हणजे हा कार्बन दुकानाच्या काचेमागे शोधून सापडायचा नाही, तो बॉयलरच्या चिमणीतून बाहेर पडतो. तुझ्या पंचवीस स्लाइडांत बॉयलर हा शब्द एकदाही नाही.

हिशोब करून बघ. एक टन सुती कापड, लिकर रेशो (कापड आणि पाण्याचं प्रमाण) १:१०, म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ते तीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण ३५० युनिट उष्णता लागते, आणि ही फक्त एका बाथची, म्हणजे पाण्याच्या एका भरण्याची. रिअ‍ॅक्टिव्ह रंगात, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगात, खरा खर्च पुढच्या धुण्यात असतो: न चिकटलेला रंग निघेपर्यंत पाण्यामागून पाणी, त्यातलं बरंचसं गरम. तू रंगाईचं तापमान खाली आणलंस, छान. पण धुण्याच्या किती फेऱ्या वाचल्या, ते कुठेच लिहिलं नाहीस. कारखानदार पहिला प्रश्न तोच विचारेल.

एक जुनी गोष्ट सांगते. कर्जाची फाइल तपासायला एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, गेले होते. मालकांना परदेशी डाईंग मशीन घ्यायचं होतं, पाण्याची बचत, कार्बनची बचत, सगळं कागदावर चोख. मशीन कुठे बसणार ते दाखवायला मागच्या अंगणातून नेलं. तिथे एका स्टीम ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारी झडप) वाफ सूं सूं करत सुटत होती, खालची फरशी हिरवी पडलेली. बॉयलरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, ते दोन वर्षं असंच आहे.’ उघड्या पाइपांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं आवरण, नव्हतं आणि गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, सरळ गटारात चाललं होतं. फाइलवर मी काय शेरा मारला, तो तुला ओळखता येईल.

हे सांगायचं कारण असं, की तुझी स्पर्धा दुसऱ्या नव्या कल्पनांशी नाही, त्या ट्रॅपशी आहे. कारखानदाराकडे थोडेच पैसे असतात आणि ते तो वर्षभरात वसूल होणाऱ्या दुरुस्तीत घालतो. बरोबरच करतो. अ‍ॅपॅरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट आणि फॅशन फॉर गुड या संस्थांनी २०२१ मध्येच मांडलं होतं की २०५० पर्यंत या उद्योगाला नेट झिरोवर, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनावर, न्यायला सुमारे १ लाख कोटी डॉलर लागतील, आणि त्यातले साधारण ६१ टक्के आजच हाताशी असलेल्या उपायांना. उरलेले ३९ टक्के तुझ्यासारख्यांचे. रक्कम तरीही प्रचंड आहे. पण ती कुणाच्या खिशातून यायची, इथेच घोडं पेंड खातं.

उद्दिष्ट ब्रँडचं असतं, बॉयलर दुसऱ्याचा. २०१८ मध्ये पोलंडमधल्या कातोवित्सेच्या हवामान परिषदेत फॅशन उद्योगाची सनद जाहीर झाली, २०२१ मध्ये ती आणखी कडक करून २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं करायचं ठरलं. सह्या मुख्यतः ब्रँडच्या. कर्ज मात्र कारखान्यानं काढायचं, तारणही त्यानंच ठेवायचं. कर्ज पाच-सात वर्षांचं आणि ऑर्डर एका हंगामाची. माझ्यासमोर एका मोठ्या खरेदीदारानं, नाव सांगत नाही, एका गिरणीला ‘तुम्ही सुधारणा करा, आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असं पत्र दिलं. गिरणीनं यंत्रं बसवली. पुढच्या हंगामात मीटरमागे किरकोळ फरकावर माल दुसरीकडे गेला. ते पत्र फाइलमध्ये अजून आहे, छान लेटरहेडवर.

आता तुझ्या पानाकडे येते. तू लिहिलंयस: आधी अनुदान, मग भागभांडवल, मग मोठा कारखाना. मधली पायरी गायब आहे. प्रयोगशाळेला अनुदान मिळतं. एचअँडएम फाउंडेशनचा ग्लोबल चेंज अवॉर्ड २०१५ पासून आहे आणि त्यात हिस्सा मागत नाहीत, तिथे अर्ज करच. फॅशन फॉर गुड २०१७ पासून नव्या तंत्रांची ब्रँड आणि कारखान्यांशी गाठ घालून देतं, तेही बघ. व्हेंचर फंडांबाबत (नव्या कंपन्यांत हिस्सा घेणारे फंड) सावध राहा, त्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, आणि रसायनांच्या धंद्यात दहा वर्षं कशी सरतात ते कळतही नाही. बँक येते पाचव्या कारखान्याला. पहिल्या कारखान्याला कोणीच येत नाही.

आणि पहिला कारखाना उभा राहिला म्हणजे झालं, असंही नाही. रिन्यूसेलचं उदाहरण नीट अभ्यास. २०१२ मध्ये सुरू झालेली ही स्वीडिश कंपनी जुन्या सुती कपड्यांपासून सर्क्युलोज नावाचा लगदा बनवायची, त्यापासून पुढे दुसरे कारखाने व्हिस्कोज हा धागा करतात. २०२२ मध्ये सुंद्सवालला वर्षाला ६०,००० टन क्षमतेचा कारखाना उघडला. तंत्र चालत होतं, भांडवलदार होते, नावाजलेले ब्रँड सोबत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रँडनी कौतुक केलं, पण ब्रँड लगदा विकत घेत नाही. तो घेतो व्हिस्कोजवाला, त्याच्याकडून सूतगिरणी, मग विणकर, मग रंगाईवाला. चढा भाव कुणी सोसायचा हे या साखळीत ठरलंच नव्हतं, म्हणून जो तो आधीचाच स्वस्त लगदा घेत राहिला. त्याच वर्षी अल्टोर या गुंतवणूकदारानं ती विकत घेतली, आता कंपनीचं नावच सर्क्युलोज आहे. त्याच २०२४ मध्ये पॉलिएस्टर पुनर्वापरासाठी सिरे ही कंपनी निघाली, तिच्या हाती मात्र सुरुवातीलाच एचअँडएमचा सात वर्षांचा, ६० कोटी डॉलरचा खरेदी करार होता. सिरे टिकेलच असं मी म्हणत नाही. पण बँकेत जाताना कोणता कागद हातात असावा, ते यावरून कळतं.

म्हणून भागभांडवलाच्या मागे धावण्याआधी दोन रंगाई कारखाने आणि त्यांच्याकडून कापड घेणारा एक ब्रँड, अशी तिघांची गाठ घाल. करारात किती मीटर, कोणत्या भावानं, किती वर्षं, आणि माल उचलला नाही तर काय, हे चारही लिहून घे. चौथ्यावर सगळे अडखळतात. तिथे हसून विषय बदलला, तर ते तुझे ग्राहक नाहीत, हितचिंतक आहेत. मशीनमधल्या बदलाची जोखीमही एकट्या कारखान्यावर टाकू नकोस. पहिल्या वर्षी रंगाची शेड चुकली, लॉट नापास झाला, तर नुकसानीचा पहिला वाटा उचलणारा हमीदार शोध. अनुदानाच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग मला तरी हाच वाटतो, नवी प्रयोगशाळा थाटण्यापेक्षा कितीतरी चांगला.

राजीनाम्याचं म्हणशील तर एवढं हाती येईपर्यंत थांब. नोकरीत राहून हे सगळं करता येतं, फक्त रविवार जातात.

पुढच्या आठवड्यात तुझ्या पद्धतीच्या चाचणीला कारखान्यात जाशील, तेव्हा मालकांच्या केबिनमध्ये फार वेळ बसू नकोस. बॉयलरवाल्याकडून गेल्या तीन महिन्यांचं लॉगबुक मागून घे: रोजचं इंधन, फीड वॉटरचं (बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचं) तापमान, वाफेचा दाब. मोबाइलवर काढलेले फोटो चालतील, अक्षर मी लावीन.

तुझी,
ताई